खिळेमामांची टेकडी

आमच्या नाटक कंपनीत मी राण्या करायचे आणि खिळेमामा माझे राजवाडे करायचे. किती राण्या केल्या ते आता सांगता येणार नाही. पण त्यांतली एकही बेघर राहिली नाही, ती मामांमुळे. संहिता हातात पडली की दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसायचा, की हा महाल, हे अरण्य, ही नदी आता आणायची कुठून? मामा फळ्यांच्या ढिगाकडे एकदा बघायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, आणि आठवडाभरात नदी वाहायला लागायची.

खिळेमामा हे नाव त्यांना का पडलं ते सांगते. काम करताना त्यांच्या ओठांत कायम मूठभर खिळे धरलेले असत. त्यामुळे बोलणं बंद, नुसते हुंकार. दिग्दर्शकानं तावातावानं काही सांगितलं की मामा ‘हं’ म्हणायचे. त्या हुंकारात होकार किती आणि ‘जा बाबा, मला काम करू दे’ किती, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. मात्र ते एकेक खिळा तोंडातून काढून खिशात टाकायला लागले की अख्खी कंपनी कान टवकारायची. मामा बोलणार!

त्यांची खरी करामत होती लांबीची. चार ढांगांत संपणाऱ्या रंगमंचावर ते मैलभर लांब रस्ता उभा करायचे. समोरची घरं मोठी, त्यामागची जरा लहान, त्यामागची आणखी लहान. रस्ता मागे जाताजाता निमुळता होत गेलेला, आणि सगळ्यांत मागे एक किल्ला. प्रेक्षकाला वाटायचं, तिथवर पोचायला घोड्यावरून दिवस लागेल. प्रत्यक्षात तो किल्ला माझ्या कमरेएवढा होता.

हे मला कसं ठाऊक, तेही ऐका. एका प्रयोगात राजा रणांगणावर पडल्याची बातमी येते आणि राणी हंबरडा फोडते, असा प्रवेश होता. त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. “नाथ, मी आले!” म्हणत मी तरातरा मागे धावले आणि थेट किल्ल्याशेजारी जाऊन उभी राहिले. बुरूज माझ्या कमरेला टेकला. मग मागच्या रांगेतून आवाज आला, “राणीसरकार, आलाच आहात तर किल्ला काखोटीला मारून घरी घेऊन जा!”

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर रंगमंचावर मागच्या बाजूला एक जाड पिवळा पट्टा मारलेला, आणि त्याच्या कडेला मामांच्या ठसठशीत अक्षरात: ‘राणीसरकारांनी इथून पुढे जाऊ नये.’

कंपनी बंद पडेपर्यंत तो पट्टा पुसला गेला नाही आणि मीही तो कधी ओलांडला नाही.

मामांच्या घरचं सामानही असंच नाटकी होतं. कपाट पुढून बघाल तर जहागीरदाराचं, मागून बघाल तर गोणपाट. टेबलाचे समोरचे दोन पाय कोरीव, मागचे दोन नुसते दांडके. त्यांची बायको, देव तिला सुखात ठेवो, मला म्हणायची, “लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा हे समोरच बसून राहिले हो. मागून कसे आहेत ते मला नंतर कळलं!” मामा त्यावर ‘हं’ म्हणायचे. “समोरून दिसतं तेवढंच करायचं. मागून कोण बघतंय?” हा त्यांचा धंद्याचा नियम होता आणि तो त्यांनी घरालाही लावला होता.

ती माउली लवकर गेली. लेक तेव्हा लहान होती. मग ती आमच्यातच वाढली. तिसरी घंटा झाली की मी रंगमंचावर जायचे आणि ती विंगेत मामांच्या शेजारी उभी राहून त्यांची फूटपट्टी धरायची. माझ्या सिंहासनावर कितीतरी वेळा झोपली असेल. पण नाटकाचं वेड काही तिला लागलं नाही. तिला वेड लागलं ते फूटपट्टीचं. जे दिसेल ते मोजायची. माझी उंची मोजून मला तोंडावर सांगायची, “मावशी, तू मुकुट घातल्यावरच राणी दिसतेस.” पुढे ती इंजिनीअर झाली, आणि शहरात नवी मेट्रो करायचं ठरलं तेव्हा मार्ग आखणाऱ्या कार्यालयात तिला नोकरी लागली. त्या दिवसापासून मामा तिला ‘साहेब’ म्हणायला लागले. “काय साहेब, आज जेवायला येणार का तुमची गाडी बारा वाजता सुटणार?”

एव्हाना कंपनी बंद झाली होती. नाट्यगृहामागचं नेपथ्याचं गोदाम मात्र मालकानं मामांकडेच राहू दिलं होतं. तिथे बसून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करायचे. मी रोज चहाचा थर्मास घेऊन जायचे. पण खुर्च्या दुरुस्त करणारे मामा मला बघवत नसत. ज्या माणसानं नद्या वाहवल्या, तो आता स्टुलाचा हलणारा पाय बघत बसलेला. खिळेही तोंडात दोन-तीनच.

अशात एक दिवस लेक आली ती हातात नकाशांची गुंडाळी घेऊन.

मेट्रोची दोन टोकं ठरलेली होती. एका टोकाला मोठं स्टेशन, दुसऱ्या टोकाला कारखाने. मधून कसं जायचं यावर वाद होता. एक मार्ग सरळ, हमरस्त्यावरून नाकासमोर. कमी वेळ, कमी बांधकाम. तिच्या कार्यालयातले मोठे साहेब याच मार्गाचे होते, आणि त्यांचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. दुसरा मार्ग लेकीनं सुचवलेला. अर्ध्या वाटेपर्यंत हमरस्त्यानंच, आणि मग वळसा घेऊन, बंद पडलेल्या वीटभट्ट्यांच्या मोकळ्या जागेतून टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर माणसांची ही दाटी. शहरातली इस्पितळं, हॉटेलं, कचेऱ्या झाडणारी, धुणारी, सांभाळणारी सगळी माणसं तिथली. आणि खाली यायला पायऱ्या, नाहीतर एक खडखडती बस.

“निर्णय समिती घेणार,” लेक म्हणाली. “त्याआधी लोकांपुढे सुनावणी. नकाशे कुणाला कळत नाहीत, बाबा. परवाच्या बैठकीत एक गृहस्थ नदीला मेट्रो समजून बोलत होते. म्हणून मोठं लाकडी शहर करायचंय. घरं, रस्ते, टेकडी, सगळं. समोर ठेवलं की लोकांना दिसेल माझा मार्ग का हवा. मी साहेबांना तुमचं नाव सांगितलंय.”

मामांनी तोंडातले खिळे काढले. एक, दोन, तीन, सगळे खिशात.

“किती प्रेक्षक बसणार?” त्यांनी विचारलं.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या प्रश्नातच सगळं आलं होतं. पण तेव्हा आम्ही दोघी हसलो आणि मी चहा ओतला.

गोदामात पुन्हा भुसा उडायला लागला. मामांचे गाल खिळ्यांनी फुगले. मला खिडक्या रंगवायचं काम मिळालं. राण्या करून दमलेल्या हातांना ते बरं जमलं. गोदाम अरुंद आणि बोळासारखं लांब, शहराचं टेबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अडकलेलं. त्यामुळे बघायचं ते दारातूनच. लेक कामावरून दमूनभागून यायची, दारात उभी राहायची, मान डोलवायची. “बाबा, हुबेहूब हो! अगदी गच्चीवरून बघितल्यासारखं.” ती आत शिरायला गेली की मामा करवत आडवी धरायचे. “साहेब, प्रयोगाआधी विंगेत यायचं नाही.”

सुनावणीच्या संध्याकाळी सभागृहात खुर्च्या बऱ्याच आणि माणसं थोडी. होती ती सगळी हमरस्त्याच्या आजूबाजूची. दुकानदार, एक दंतवैद्य, पोट सुटलेले एक शिंपी. समितीचे अध्यक्ष तोंडात पेपरमिंटची गोळी घोळवत बसले होते. पूर्वी न्यायाधीश होते म्हणे, आणि ऐकून घ्यायची सवय अजून सुटली नव्हती. सभागृहाचा माईक मांजरासारखा ओरडायला लागला म्हणून मामांनी मला पुढे केलं. “राणीसरकार, तुमचा आवाज अजून शेवटच्या रांगेत जातो.” मी उभी राहिले, श्वास घेतला आणि असं काही जाहीर केलं की दंतवैद्य दचकून सरळ बसले.

कापड ओढलं आणि सभागृहातून ‘अहाहा’ निघालं. खरंच हो! समोर हमरस्ता, दुकानं, गच्च्या. मागे हळूहळू उतरत गेलेली छपरं. आणि सगळ्यांत मागे धुक्यात असल्यासारखी टेकडी. टाळ्या पडल्या. किती दिवसांनी टाळ्या ऐकल्या! मामांनी विंगेतून बघावं तसं खांबाआडून बघितलं.

मग लेक पुढे आली. तिनं कार्यालयात मोजून दोन दोरे कापून आणले होते. सरळ मार्गाचा लाल, तिच्या मार्गाचा निळा. लाल दोरा तिनं हमरस्त्यावर अंथरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चोख बसला. मग तिनं निळा घेतला. अर्धा हमरस्ता, मग वळण, वीटभट्ट्या, टेकडीचा पायथा, तिथून कारखाने... आणि दोरा संपेना. कारखाने आले तरी हातात दोरा. टेबलाची कड आली तरी हातात दोरा. शेवटी तो कडेवरून खाली शेपटासारखा लोंबायला लागला.

कुणीतरी फिसकन हसलं. शिंपीबुवा उठून उभे राहिले. “बाई, आम्ही कापड बेतात कापतो. तुम्ही जरा जास्तच कापलंत!”

मग काय, हशाच हशा. “एवढ्याशा टेकडीला एवढा मोठा वळसा?” “दोरा उरला तो पतंगाला द्या!” मोठे साहेब नाक चोळत खाली बघायला लागले. लेकीनं दोरा पुन्हा लावून बघितला. पुन्हा शेपूट. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग माझ्या ध्यानात आलं. मी पुन्हा त्या किल्ल्याशेजारी उभी होते, बुरूज माझ्या कमरेला लागत होता.

मामांनी समोरचं सगळं मापानं केलं होतं. आणि मागे जाताजाता हाताला जी जन्माची सवय, तिनं आपलं काम केलं होतं. मागची घरं लहान, त्यामागची आणखी लहान, आणि मधली अंतरंही तशीच आखडलेली.

एवढ्यात टेबलामागचं दार उघडलं आणि सभागृह झाडणाऱ्या बाई झाडू घेऊन आत आल्या. त्यांना वाटलं सभा संपली. त्या थबकल्या आणि समोरच्या शहराकडे बघायला लागल्या. अख्ख्या सभागृहात तेच मागून बघणारं एकटं माणूस होतं.

“ही आमची टेकडी?” त्या म्हणाल्या.

“हो,” लेक कशीबशी म्हणाली.

“आमची पाण्याची टाकी ही? माझ्या अंगठ्याएवढी? आणि ही घरं अशी उघडी लाकडं काय? रंगसुद्धा नाही?” बाईंनी झाडू उचलून अंदाज घेतला. “अहो, आमची अख्खी आळी माझ्या झाडूच्या एका फटक्यात जाईल की! आणि ह्या शिंप्याचं दुकान बुटाच्या खोक्याएवढं?”

“माझं दुकान मोठंच आहे,” शिंपीबुवा म्हणाले.

“माझ्या घरात माणसं जास्त आहेत!”

अध्यक्षांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली, आणि सुनावणी पुढच्या आठवड्यावर ढकलली. तोवर शहर नीट झालं तर ठीक, नाहीतर आहेत त्या नकाशांवर निर्णय. जाताना मोठे साहेब लेकीला म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. पण लोकांनी एकदा हसून घेतलं की मार्ग उभा राहणं अवघड असतं.” ते मायेनंच बोलले, म्हणून जास्त लागलं.

गोदामात लेकीचा बांध फुटला.

“बाबा, हे नाटक नव्हतं!”

मामांच्या तोंडात त्या वेळी एकही खिळा नव्हता, तरी त्यांचा हात खिळे काढायला ओठांकडे गेला. मग म्हणाले, “मला वाटलं, बघणारे समोर बसणार.”

“समोर बसणारे समोरच राहतात, बाबा! टेकडीवाले मागे राहतात. त्यांच्या बाजूनं कुणी बघतच नाही, म्हणून तर मी हा मार्ग मांडला. आणि तुम्हीच...” पुढचं तिनं गिळलं. “मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, माझे बाबा करतील.”

ती गेली. मामा टेबलाच्या बाजूनं अंग चोरत, फळ्यांखालून वाकत, पहिल्यांदाच शहराच्या मागच्या बाजूला गेले. मी कपात चहा ओतून ठेवला, तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी मी थर्मास घेऊन गेले तर गोदामाच्या दारात झाडूवाल्या बाई उभ्या. मी मनातल्या मनात त्यांचं नाव फटकाबाई ठेवलं होतं. मागे सात-आठ माणसं.

“ह्यांना विश्वास बसेना,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, चला दाखवते, आपल्याला अंगठ्याएवढं केलंय ते.”

मामांनी पुढे होऊन हात जोडले. “केलं. चुकलं माझं. आता मापानं करतो. बसा, आणि तुमची घरं कशी आहेत ती सांगा.”

भांडायला आलेल्या माणसाला असं बसायला सांगितलं की त्याची भारी पंचाईत होते. ती माणसं बसली. आणि मग बोलायला लागली ती थांबेचनात.

काय ते दिवस होते म्हणून सांगू! टेकडीवर बातमी पसरली आणि माणसं येतच राहिली. जो तो आपलं घर तपासायला. “माझ्या गच्चीवर टाकी आहे, ती राहिली.” “अहो, टाकी गळते तुमची, तेही दाखवा!” एका न्हाव्याला आपलं दुकान कोपऱ्यावरच हवं होतं, कोपरा दुसऱ्याचा असला तरी. दोन सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलणं बंद. दोघं वेगवेगळे आले आणि दोघांनीही मामांच्या कानात एकच विनंती केली की मधली भिंत जरा जाड करा. फटकाबाईंना आपलं दार निळं हवं होतं. मी निळं रंगवलं. “असं नाही, उडालेलं निळं,” म्हणाल्या. मी पुसून उडालेलं निळं रंगवलं.

टेकडी मापानं करायला घेतली आणि ती टेबलावर मावेना. दुसरं टेबल जोडलं. तिसरं जोडलं. मग टेकडी गोदामाच्या दारातून बाहेर पडली आणि गल्लीत गेली. सायकलवाले वळसा घालून जायला लागले. पायथ्याशी एक कुत्रं येऊन झोपलं. मी हाकलायला गेले तर फटकाबाई म्हणाल्या, “असू दे, तिथे असतंच एक.”

लेक चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण पुढे टेकडी होती. तिनं पर्समधून टेप काढला. एक घर मोजलं, पायऱ्या मोजल्या, टाकी मोजली. मग ती खाली वाकली आणि घरांच्या मागे हात फिरवला. मागच्या भिंती रंगवलेल्या होत्या. मागच्या खिडक्या होत्या, त्यांच्या खाली वाळत घातलेले कपडे होते, मामांनी चिंध्यांचे केलेले. ज्या माणसानं जन्मात कशाची मागची बाजू केली नाही, त्यानं टेकडीवरच्या एकेका घराची पाठ रंगवली होती.

“बाबा,” ती म्हणाली.

मामांच्या तोंडात खिळे होते. “हं,” ते म्हणाले. या ‘हं’चा अर्थ मात्र कुणाला विचारावा लागला नाही.

तिनं साडीचा पदर खोचला आणि गोंदाचं भांडं पुढे ओढलं.

सुनावणीच्या दिवशी शहर निघालं ते चाकांवरून. नेपथ्याला चाकं लावायची हे मामांचं जुनं तंत्र. पुढे हमरस्ता, मागे वीटभट्ट्या, त्यामागे टेकडी चार तुकड्यांत, आणि ढकलायला टेकडीवरची खरी माणसं. ज्याची गल्ली त्यानं ढकलायची, असं ठरलं होतं. दोघे भाऊ एकाच तुकड्याला लागले आणि “जरा उचल की!” एवढं तरी एकमेकांशी बोलले. मी पुढे चालत होते, ‘बाजूला व्हा, शहर येतंय!’ अशी ललकारी देत. इतकी मोठी भूमिका मला कंपनीनंसुद्धा दिली नव्हती.

सभागृहाच्या दारातून हमरस्ता आत गेला, टेकडी जाईना. मामांनी आडवी करून बघितली, उभी करून बघितली. शेवटी अध्यक्ष स्वतः बाहेर आले, पायरीवर उभे राहून म्हणाले, “टेकडी आत येत नसेल तर समितीनं बाहेर यावं,” आणि खिशातली पेपरमिंटची पुडी फटकाबाईंपुढे धरली. सुनावणी अंगणात सुरू झाली. शहर मधोमध, माणसं चोहोबाजूंनी. समोर कुठलं आणि मागे कुठलं, हे सांगायची सोय उरली नाही.

लेकीनं निळा दोरा काढला. तोच, मागच्या खेपेचा. हमरस्त्यावरून निघाली, वळली, वीटभट्ट्या ओलांडल्या. पायथ्याशी आली, कुत्र्याच्या जागेवरून पुढे गेली, कारखान्यांकडे वळली. मामा डोळे मिटून उभे होते. दोरा कारखान्यांच्या फाटकाशी आला आणि संपला. ना तसूभर जास्त, ना तसूभर कमी.

टाळ्या पडल्या त्या टेकडीकडून आधी.

शिंपीबुवा काही हार मानणारे नव्हते. “पण मग मला कारखान्यात माप घ्यायला जायला उशीर होणार, त्याचं काय?”

“तुम्हाला उशीर?” फटकाबाई. “मी ह्या पायऱ्या चढून घरी पोचेपर्यंत तुम्ही तुमच्या मेट्रोनं दोनदा जाऊन याल, आणि वर तुमचा चहाही पिऊन होईल!”

शिंपीबुवांनी लाकडी पायऱ्यांकडे बघितलं. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, नीट बघितलं. “ह्या एवढ्या रोज चढता?”

“तुमचे कपडे इस्त्री करून आणते ती माझी जाऊ. तीपण.”

शिंपीबुवा बोटानं पायऱ्या मोजायला लागले.

अध्यक्षांनी विचारलं, “तुम्ही इतकी माणसं आहात, मग आधी कधी सुनावणीला कशी आला नाहीत?”

“कशानं येणार?” बाई म्हणाल्या. “सभा संपते तेव्हा शेवटची बस गेलेली असते. आज आलो ते ह्या मामांनी आम्हाला अंगठ्याएवढं केलं म्हणून. राग आला की पायऱ्या मोजत नाही माणूस.”

हसण्याचा असा लोट उठला की मोठे साहेबही हसले. मग ते टेबलांच्या कडेनं चालत मागे गेले, टेकडीपाशी, आणि तिथून हमरस्त्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

निकाल यायला वेळ लागला. त्या काळात मामांनी एकही खुर्ची धड दुरुस्त केली नाही. मग एका दुपारी लेक गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. मामांनी खिळे काढायला सुरुवात केली. एक खिशात, दुसरा खिशात, तिसरा जमिनीवर पडला.

“काय ते बोला, साहेब. म्हाताऱ्याला ताटकळत ठेवू नका.”

तिनं पर्समधून लाल दोरा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. “हा ठेवा तुमच्या पडद्यांना टाके घालायला. मला आता निळाच लागेल.”

मामांनी तो दोरा नाकाला पुसला. हो, नाकालाच; डोळ्यांना पुसला असं मी सांगितलं असतं, पण मी तिथे होते.

मेट्रो उभी राहायला वर्षं गेली. माझे गुडघे गेले, मामांचे दात गेले, त्यामुळे खिळे धरायची अडचण झाली. पण बोलणं वाढलं. पहिली गाडी सुटली तेव्हा आम्ही तिघं पहिल्या डब्यात होतो. अर्ध्या वाटेवर गाडीनं वळण घेतलं, आम्ही सगळे एका अंगाला कललो, आणि मामांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसलं. “हे वळण आहे ना, ते माझ्या चुकीतून आलंय.”

“बाबा, वळण माझं आहे.”

“आखलं तुम्ही, साहेब. गाजवलं कुणी?”

यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे.

टेकडीच्या स्टेशनावर आम्ही उतरलो. फटकाबाई गळ्यात फुलांचा हार घालून उभ्या होत्या; कुणी घातला विचारलं तर म्हणाल्या, “मीच.” आम्ही तिथे चहा प्यालो, माणसं भेटली, दोघा भावांची मुलं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरताना दिसली. परतीच्या गाडीचा आवाज आला तशी मी हौसेनं बघायला पुढे झाले. लांबून येणारी गाडी आधी बोटाएवढी, मग खोक्याएवढी, मग मोठी, आणखी मोठी. मामांच्या रस्त्यासारखीच. मी आणखी एक पाऊल टाकलं.

मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. मी खाली बघितलं. पायाशी फलाटाच्या कडेनं एक जाड पिवळा पट्टा लांबपर्यंत गेला होता.

“राणीसरकार,” मामा म्हणाले, “इथून पुढे जाऊ नये.”